कानातला नाद आणि बाहेरचा शब्द

सव्वॉय प्रांतातील शाम्बेरी या गावाजवळ शार्मेत नावाचे एक बागेतले घर आहे. इ. स. १७३६ च्या सुमारास तेथे पंचविशीच्या आतबाहेरचा एक तरुण राहत होता. पुढे साऱ्या युरोपच्या विचाराला हलवून सोडणारा जाँ जाक रूसो तो हाच. एके दिवशी सकाळी एक लहानसे मेज त्याच्या पायावर उभे करीत असता त्याच्या अंगात अकस्मात काही विलक्षण खळबळ झाली. मानेतील व मस्तकातील धमन्या जोराने उडू लागल्या आणि त्याबरोबर दोन्ही कानांत नाद उसळला. एक खोल घुमणारा आवाज, दुसरा वाहत्या पाण्यासारखा खळखळणारा, तिसरा तीक्ष्ण शिटीसारखा आणि या सर्वांखाली रक्ताचे ठोके, असा तो तिपेडी-चौपेडी नाद होता. वैद्य आले, त्यांनी किळसवाणी औषधे पाजली. नाद गेला नाही. सुमारे तीस वर्षांनी आत्मचरित्र लिहावयास बसल्यावर रूसोने ही हकीकत नोंदवली, तेव्हाही तो नाद त्याची सोबत करीतच होता.

या हकीकतीत रूसोने एक वाक्य असे घातले आहे की, त्याकडे वाचकाचे सहसा लक्ष जात नाही. आतील आवाज एवढा मोठा होता की त्याने आपल्या श्रवणाची पूर्वीची सूक्ष्मता हिरावून नेली, आपण अगदी बहिरे झालो नाही तरी तेव्हापासून कानाने जड झालो, अशा आशयाचे ते वाक्य आहे. म्हणजे नाद हे कारण आणि ऐकू कमी येणे हा त्याचा परिणाम, असा रूसोचा निर्णय. असाच निर्णय आजही पुष्कळ घरांतून ऐकावयास मिळतो. “कानात सारखी शिटी वाजते आहे, मग तुमचे बोलणे कसे ऐकू यावे?” असे घरातील वडीलधारे माणूस म्हणते आणि ऐकणाऱ्यासही ते पटते. शेजारी ढोल वाजत असता बोलणे ऐकू येत नाही, तसाच हाही प्रकार असावा, असे कोणालाही वाटेल. पण हा निर्णय खरा आहे काय? या एका प्रश्नाचे उत्तर मिळवावयास मनुष्यजातीला फार मोठा काळ लागला. तो इतिहास थोडक्यात पाहिला, तर प्रौढ वयात ऐकण्याच्या ज्या रोजच्या अडचणी येतात त्यांच्यावरही बराच प्रकाश पडतो.

या विकाराची ओळख नवी नाही. पाश्चात्त्य वैद्यकात त्याला टिनिटस म्हणतात. घंटा वाजणे, किणकिणणे अशा अर्थाच्या लॅटिन धातूपासून तो शब्द आला आहे. आपल्याकडे त्याला कर्णनाद हे नाव फार जुने आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले आहेत, त्यांत नाद आणि बाधिर्य हे जवळजवळ येतात. शब्द वाहून नेणाऱ्या नाड्यांत वायू वाट चुकून शिरला म्हणजे मनुष्याला नाना प्रकारचे ध्वनी ऐकू येतात. तोच वायू कफाला बरोबर घेऊन त्या मार्गात ठाण मांडून बसला आणि रोग्याने उपचाराची हयगय केली, तर बहिरेपण येते, असे तेथील प्रतिपादन आहे. पुढे माधवनिदानात कर्णनादाचे ध्वनी भेरी, मृदंग व शंख यांच्यासारखे असतात असे म्हटले असून, वेणूच्या सुरासारख्या आवाजाला कर्णक्ष्वेड हे निराळे नाव दिले आहे. योगग्रंथांतही असेच ध्वनी वर्णिलेले आढळतात. परंतु तो साधनेचा विषय झाला. वैद्याने आपल्यापुरते ते रोगाचे लक्षण मानले आणि त्याची जागा बहिरेपणाच्या शेजारी ठेवली. वायू व कफ यांची ती परिभाषा आज आपण वापरत नसलो, तरी नाद आणि बाधिर्य एकाच वाटेवरचे आहेत हे त्या निरीक्षकांनी ओळखले होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलच्या नावावर चालत आलेला प्रश्नांचा एक संग्रह आहे. त्यात एक मार्मिक प्रश्न विचारला आहे: बाहेर आवाज केला असता कानातले गुंजन थांबते, ते का? मोठा ध्वनी लहान ध्वनीला बाहेर घालवतो म्हणून का? प्रश्नकर्त्याने येथे नकळत एक महत्त्वाची गोष्ट नोंदवून ठेवली. सामान्यतः बाहेरचा आवाज आतल्या नादाला झाकतो. आतला नाद बाहेरच्या आवाजाला सहसा झाकू शकत नाही. रूसोच्या निर्णयाविरुद्धचा हा पहिला पुरावा रूसोच्या आधी दोन हजार वर्षे ग्रंथात पडून होता. पण त्याचा अर्थ कोणी लावला नव्हता.

रूसोनंतर पासष्ट वर्षांनी आणखी एका थोर पुरुषाने आपल्या कानांची तक्रार लिहून ठेवली. २९ जून १८०१ रोजी व्हिएन्नाहून लुडविग व्हान बेथोव्हन याने बॉन येथील आपला बालमित्र, वैद्य फ्रान्झ वेगेलर यास पत्र लिहिले. बेथोव्हनचे वय तेव्हा तीस वर्षांचे होते. त्याची कीर्ती वाढत होती, मागेल ते मोल प्रकाशक देत होते. अशा वेळी तो मित्राला कळवतो की, आपले कान रात्रंदिवस गुणगुणत व घोंघावत असतात. परंतु पत्रातील खरी व्यथा याच्या पुढे आहे. आपण बहिरे आहो हे लोकांना सांगणे शक्य नसल्यामुळे जवळजवळ दोन वर्षे आपण मेळाव्यांत जाणे टाळले आहे. नाटकगृहात नटांचे बोलणे समजावे म्हणून वाद्यवृंदाला अगदी लागून बसावे लागते. थोडे दूर असले की वाद्यांचे व गळ्याचे तार स्वर ऐकू येत नाहीत. कोणी हळू बोलले तर आवाज कानी पडतो, पण शब्द कळत नाहीत. आणि कोणी ओरडले, तर ते सहन होत नाही. 

श्रवणशास्त्राचा जन्मही झाला नव्हता अशा काळात लिहिलेले हे पत्र आजच्या तज्ज्ञाने वाचले, तर त्याला त्यात एक संपूर्ण रोगवर्णन सापडेल. तार स्वर आधी जाणे, आवाज येऊन शब्द न कळणे, हळू ते कमी आणि मोठे ते फार वाटणे, चारचौघांत जाणे टाळणे, आणि या सर्वांबरोबर कानात अखंड नाद, ही पाचही लक्षणे एका कुटुंबातली आहेत. बेथोव्हनने रूसोसारखा कार्यकारणाचा निर्णय दिलेला नाही. त्याने जे घडत होते ते ओळीने सांगितले, आणि म्हणूनच त्याची साक्ष अधिक मोलाची आहे.

वैद्यांनी त्याच्या कानात बदामाचे तेल घातले, डॅन्यूब नदीच्या कोमट पाण्याची स्नाने दिली, गोळ्या व काढे दिले. गुण आला नाही. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १८०२ मध्ये, हायलिगेनश्टाट या खेड्यातून त्याने आपल्या भावांना उद्देशून एक मृत्युपत्रवजा लेख लिहिला. तो त्याच्या मृत्यूनंतर, १८२७ मध्ये, कागदपत्रांत सापडला. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला दूरची बासरी ऐकू यावी आणि आपल्याला काहीच ऐकू येऊ नये, हा अपमान त्यात आहे. लोक आपल्याला माणूसघाणा समजतात. पण मोठ्याने बोला, मी बहिरा आहे, असे संगीतकाराने कोणत्या तोंडाने सांगावे, हा प्रश्नही त्यात आहे. १८१८ पासून भेटीस येणारे लोक आपले बोलणे वहीत लिहून दाखवू लागले. त्याच्या बहिरेपणाचे मूळ कारण काय, याचा निकाल अद्यापही लागलेला नाही. २०२३ साली त्याच्या केसांवरून केलेल्या जनुकीय संशोधनातही ते हाती आले नाही.

बोहेमियाचा संगीतकार बेडरिख स्मेटाना याची कथाही याच जातीची आहे. १८७४ साली त्याच्या कानात तीव्र नाद सुरू झाले आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात त्याचे दोन्ही कान गेले. १८७६ साली त्याने ‘माझ्या जीवनातून’ या नावाची चार तंतुवाद्यांची रचना केली. तिच्या अखेरच्या भागात आनंदाने धावणारे संगीत एकाएकी थांबते आणि एका व्हायोलिनवर फार उंच, लांबलेला एकच स्वर उभा राहतो. बहिरेपण येण्यापूर्वी कानात वाजू लागलेल्या शिटीची ती खूण आहे, असे स्मेटानाने स्वतः कळवले होते. नाद हा येऊ घातलेल्या बहिरेपणाचा अग्रदूत होता, असे त्याच्या अनुभवावरून त्याला वाटले.

थोर पुरुषांच्या दुःखाची नोंद राहते, कष्टकऱ्यांच्या दुःखाची सहसा राहत नाही. या बाबतीत इटलीतील वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी याचे ऋण मानले पाहिजे. १७०० साली त्याने कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. व्हेनिसमध्ये तांब्याची भांडी घडवणारे लोक एकाच वस्तीत राहून दिवसभर हातोडा चालवीत. त्या सततच्या ठोक्यांनी त्यांचे कान बिघडतात आणि म्हातारपणी ते ठार बहिरे होतात, असे त्याने लिहिले आहे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीतून जो कोणी गेला असेल, त्याला व्हेनिसच्या त्या वस्तीची कल्पना निराळी करून द्यावयास नको. पुढे यंत्रयुग आले आणि हातोड्याच्या जागी बॉयलरचे कारखाने आले. ग्लासगो येथील कर्णवैद्य टॉमस बार याने १८८६ साली शंभर बॉयलर-कामगारांचे कान तपासले. त्यांतील एकाचेही श्रवण निर्दोष आढळले नाही. त्यांतले पुष्कळजण एकट्याशी समोरासमोर नीट बोलू शकत. पण सभेत वा प्रार्थनामंदिरात गेले की वक्त्याचे बोलणे त्यांना उमजत नसे. मुंबईच्या गिरण्यांतील साचेखात्याचा खडखडाट ज्यांच्या कानांवरून वर्षानुवर्षे गेला, त्यांच्या घरच्यांना हा अनुभव अपरिचित वाटणार नाही.

या दोन धाग्यांची, म्हणजे नादाची आणि ऐकू न येण्याची, शास्त्रीय गाठ घालण्याचा मोठा प्रयत्न पॅरिसमध्ये झाला. तेथील मूकबधिरांच्या संस्थेचे वैद्य जाँ मार्क गास्पार इतार यांनी १८२१ साली कानाच्या व श्रवणाच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. अरण्यात सापडलेल्या एका मुलाला माणसात आणण्याचा प्रयत्न करणारे शिक्षक म्हणूनही इतार प्रसिद्ध आहेत. कर्णनादाचे त्यांनी दोन वर्ग पाडले. ज्याला शरीरात खरोखरच ध्वनी उत्पन्न करणारे काही कारण असते, उदाहरणार्थ रक्ताचा जोराचा प्रवाह, तो एक. आणि ज्याच्या मागे असा कोणताही खरा ध्वनी नसतो, तो दुसरा. बहुतेक रोग्यांच्या बाबतीत नादाबरोबर ऐकण्यातही उणेपण असते, हे त्यांनी स्पष्टपणे नोंदवले. नाद घालवता येत नसेल तर त्याच्यासारखा बाहेरचा आवाज सोबतीला द्यावा, असा उपायही त्यांनी सुचवला. ग्रीक प्रश्नातील बीज येथे उपचाराच्या रूपाने उगवले.

तथापि इतारांच्या काळी कानाची शक्ती मोजण्याचे विश्वसनीय साधन नव्हते. घड्याळाची टिकटिक किती अंतरावरून ऐकू येते, कुजबुज कळते की नाही, यावरच सारा भरवसा. १९२२ च्या सुमारास अमेरिकेत विजेवर चालणारे श्रवणमापक यंत्र वापरात आले, आणि खर्जापासून तारापर्यंतचा प्रत्येक स्वर किती मंद असता ऐकू येतो ते मोजता येऊ लागले. न्यूयॉर्कचे कर्णवैद्य एडमंड प्रिन्स फाउलर यांनी या साधनाने एक नवी गोष्ट केली. रोग्याला बाहेरून स्वर ऐकवून, तो त्याच्या कानातल्या नादाइतका केव्हा भासतो, हे ते विचारू लागले. ज्या नादाने आपले जीवन व्यापले आहे असे रोगी सांगे, तो मोजला असता बहुधा अगदी लहान भरे. त्या स्वराला रोगी जेथे जेमतेम ऐकू लागतो, त्याच्या वर काही थोडे डेसिबेल एवढाच. पुढील संशोधनात असेही दिसून आले की, नादाची उंची पुष्कळदा श्रवण जेथे कमी झालेले असते त्याच स्वरांच्या पट्ट्यात येते. अर्थात समोरच्या माणसाचे बोलणे बुडवून टाकण्याइतका जोर त्या नादात सहसा नसतो. रूसोचा ढोल मोजून पाहिला, तेव्हा तो कुजबुजीएवढा निघाला.

मग बोलणे ऐकू न येण्याचे कारण काय? कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी नळी आहे. तीत सूक्ष्म रोम असलेल्या सुमारे पंधरा हजार पेशी ओळीने मांडलेल्या असतात. हवेतील कंपनांचे त्या मज्जातंतूंच्या संदेशात रूपांतर करतात. मनुष्याच्या कानात या पेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. वयाने आणि गोंगाटाने बहुधा प्रथम जातात त्या तार स्वरांच्या पेशी; खर्जाच्या पेशी पुष्कळ काळ टिकून राहतात. आता भाषेची रचना अशी आहे की, स्वर हे भरदार व खालच्या पट्टीचे असतात, तर स, श, फ, थ यांसारखी व्यंजने क्षीण आणि वरच्या पट्टीची असतात. आवाजाचा जोर स्वरांत असतो, पण अर्थाचा भेद पुष्कळसा व्यंजनांत असतो. ‘साठ’ म्हटले तर ‘आठ’ ऐकू येते. ‘सून’ आणि ‘ऊन’ यांतला भेद पुसून जातो. म्हणून माणूस म्हणतो, “तुम्ही बोलता ते ऐकू येते, पण काय बोलता ते कळत नाही.” बेथोव्हनने वेगेलरला लिहिले होते ते हेच. आणि उरलेल्या श्रवणाची मर्यादा अशी की, मंद आवाज नाहीसा होतो, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच मोठा भासतो. म्हणून हळू बोलले की “काय म्हणालात?” आणि जोराने बोलले की “ओरडता कशाला?” असा संवाद घरोघरी चालतो. त्यात कोणाचाही हेकटपणा नसतो. तो कानाचा धर्म आहे.

नादाचे मूळही याच ठिकाणी सापडण्याचा संभव दिसू लागला. या दृष्टीने १९५३ हे साल महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी मॉरिस हेलर आणि मो बर्गमन या दोन अमेरिकन संशोधकांनी, ज्यांना ऐकण्याची काहीही तक्रार नव्हती अशा ऐंशी प्रौढ माणसांना एकेक करून अतिशय शांत अशा ध्वनिरोधक खोलीत काही मिनिटे बसवले आणि जे ऐकू येईल ते लिहावयास सांगितले. शेकडा चौऱ्याण्णव माणसांना काही ना काही आवाज ऐकू आले. कोणी गुणगुण लिहिली, कोणी शिटी, कोणी घंटानाद. ती वर्णने कर्णनादाच्या रोग्यांच्या वर्णनांशी जुळत होती. याचा अर्थ असा की, आत बारीकसा ध्वनी पुष्कळांच्या ठिकाणी असतो. बाहेरच्या जगाची रहदारी चालू असते म्हणून तो ऐकू येत नाही. कान उणे झाले की मनुष्य त्या शांत खोलीत थोडाफार कायमचाच जाऊन बसतो.

त्याच वर्षी लंडनचे कॉलिन चेरी यांनी निराळ्याच प्रश्नाला हात घातला. मेजवानीत अनेक माणसे एकदम बोलत असता आपण त्यांतील एकाचेच बोलणे कसे निवडून ऐकतो? त्यांच्या प्रयोगांवरून हे दिसले की, ऐकणे म्हणजे केवळ कानावर आवाज पडणे नव्हे. अनेक आवाजांतून एक वेगळा काढून त्याच्यामागे लक्ष धावडवणे हे मेंदूचे काम आहे. दोन्ही कानांकडून येणारी माहिती चोख असेल तर हे काम विनासायास होते. ती तुटक असेल तर मेंदूला गाळलेल्या जागा भराव्या लागतात. लग्नाच्या मांडवात, आगगाडीच्या फलाटावर, भांडी वाजत असलेल्या स्वयंपाकघरात प्रौढ माणूस गोंधळतो आणि संध्याकाळी थकून जातो, ते यामुळे.

या दोन वाटा पुढील काळात एकत्र आल्या. १९९० साली पावेल जॅस्ट्रेबॉफ यांनी कर्णनादाला अवयवछेदानंतर भासणाऱ्या वेदनेची उपमा दिली. पाय कापल्यावरही पायाचे बोट दुखल्यासारखे वाटते, तशी ही न झालेल्या ध्वनीची जाणीव. श्रवणाचा मज्जातंतू शस्त्रक्रियेत कापला गेल्यानंतरही कित्येक रोग्यांचा नाद कायम राहिला, या अनुभवाचाही तोच अर्थ होता: नाद कानात वाटला, तरी त्याचे बस्तान मेंदूत असू शकते. आज सामान्यतः मान्य झालेली उपपत्ती रेडिओच्या श्रोत्यांना चटकन उमगेल. दूरचे केंद्र क्षीण लागले म्हणजे आपण आवाजाची कळ पिळत नेतो. त्याने कार्यक्रम थोडा वर येतो, पण त्याबरोबर खरखरही वर येते. कानाकडून येणारा संदेश क्षीण झाला की मेंदूही आपली कळ पिळतो आणि मज्जातंतूंची नेहमीची, एरवी न जाणवणारी हालचाल नाद म्हणून ऐकू येऊ लागते. या उपपत्तीने सर्व गोष्टींचा उलगडा होतो असे नाही. श्रवण कमी असूनही नाद नसलेली माणसे पुष्कळ आहेत, आणि तपासणीत श्रवण उत्तम ठरूनही नादाने त्रासलेली माणसे आहेत.

या दुसऱ्या वर्गाविषयी अलीकडे नवी माहिती पुढे आली आहे. २००९ साली शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखवले की, मोठ्या आवाजानंतर श्रवणाचे मोजमाप पूर्ववत झाले, तरी पेशी व मज्जातंतू यांतील सांधे कायमचे तुटलेले असू शकतात. २०११ साली रोलंड शेट आणि डेव्हिड मॅकअल्पिन यांनी, तपासणीत श्रवण निर्दोष पण कानात नाद, अशा स्त्रियांच्या कानाचा मज्जातंतू प्रत्यक्षात कमी संदेश पाठवीत असल्याची चिन्हे नोंदवली. एका माणसाशी शांत खोलीत बोलताना काही कळू नये असे होत नाही, मात्र गर्दीत शब्द निसटतात, या तक्रारीचे मूळ अशा छुप्या उणेपणात असावे, असा तर्क त्यावरून करण्यात आला. मनुष्याच्या बाबतीत तो कितपत लागू पडतो, याविषयी शास्त्रज्ञांत वाद चालू आहे.

तेव्हा रूसोच्या निर्णयाचे काय? कार्यकारणाचा जो क्रम त्याने लावला, तो बहुतांशी उलटा होता. नादाने श्रवण नेले नाही. श्रवण उणे झाले, आणि त्याच एका उणेपणातून नादही आला व बोलणे न कळण्याची अडचणही आली. ही दोन भावंडे आहेत. एक सतत बोलत असते म्हणून सर्व दोष त्याच्या माथी जातो. दुसरे मुकाट्याने घरात वाढत राहते. मात्र रूसो सर्वस्वी चुकला असेही म्हणता येणार नाही. नादाकडे लक्ष जाते, झोप मोडते, चिंता वाढते. गर्दीतला शब्द पकडण्यास जे अवधान लागते त्यातला वाटा नाद उचलून नेतो. आवाज म्हणून त्याचा जोर नसला, तरी मनावरचा भार म्हणून तो असतो.

हा भेद केवळ विद्वानांच्या कामाचा नाही. नादच शत्रू आहे असे मानणारा मनुष्य वर्षानुवर्षे नाद घालवण्याच्या औषधामागे फिरतो, आणि ज्याला उपाय आहे त्या श्रवणाकडे त्याचे लक्षच जात नाही. १९४७ सालीच साल्ट्झमन व अर्सनर या अमेरिकन वैद्यांनी नोंदवले होते की, ज्यांचे श्रवण कमी झाले आहे अशा रोग्यांना श्रवणयंत्र लावले असता बाहेरचे आवाज परत येतात आणि पुष्कळांचा नाद मागे हटतो. म्हणून कानात नाद सुरू झाला तर पहिले काम श्रवणाच्या तपासणीचे. कधी कधी नुसता मळ दाटलेला असतो आणि तो निघताच दडे सुटतात. एकाएकी ऐकू येईनासे झाले, नाद एकाच कानात असला, किंवा तो नाडीच्या ठोक्यांबरोबर चालत असला, तर मात्र वैद्याकडे जाण्यास विलंब करू नये. या कामासाठी देशात म्हैसूर येथे १९६५ साली आणि मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली राष्ट्रीय संस्था स्थापन झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे जगात दीडशे कोटींहून अधिक लोकांच्या श्रवणात काही ना काही उणेपण आहे. चाळिशीत डोळ्यांना चष्मा लागला तर कोणी लाजत नाही. श्रवणयंत्राची मात्र अजूनही लाज वाटते.

घरातील माणसांनाही या इतिहासापासून घेण्यासारखे आहे. ओरडल्याने व्यंजने मोठी होत नाहीत, फक्त स्वर कर्कश होतात. समोर येऊन, तोंडावर उजेड ठेवून, सावकाश बोलले तर पुष्कळ शब्द पोहोचतात. एकदा कळले नाही तर तेच वाक्य पुन्हा मोठ्याने म्हणण्यापेक्षा निराळ्या शब्दांत सांगावे. “जाऊ द्या, काही नाही” एवढे मात्र म्हणू नये. बेथोव्हनचे कान बरे करणे त्या काळी कोणालाही शक्य नव्हते. परंतु ज्यांनी त्याच्यापुढे वही धरून आपले बोलणे लिहून दाखवले, त्यांनी त्याला शेवटपर्यंत माणसांत ठेवले. कानात नाद घेऊन मैफलीच्या कडेला मुकाट बसलेल्या माणसासाठी तेवढे करणे आज कितीतरी सोपे झाले आहे.